सांगो-काकू : न्यू जर्सीतल्या एका बैठकीशेजारचा जपानी मेपल

मी न्यू जर्सीत घरगुती बागा आखून देते. हे प्रकरण माझ्याच कामातलं, २०२३ च्या उन्हाळ्यात सुरू झालेलं. कुटुंबाला विचारून लिहिते आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. जपानी मेपलची कुठली जात घ्यावी याचा ऊहापोह पुढे येईलच, पण या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय फुकटात झाला आणि तो खुर्च्यांबद्दल होता, हे आधीच सांगून टाकते.

पार्श्वभूमी

घर दोन मजली, मागचं अंगण पश्चिमेला. घराला लागून पेव्हर ब्लॉकचा चौथरा, उत्तर-दक्षिण १८ फूट लांब आणि १४ फूट रुंद. घरात मुलगा, सून, नववीतला नातू आणि सहा वर्षांची नात. मुलाची आई साताऱ्याहून उन्हाळ्यात येते आणि व्हिजिटर व्हिसाचे सहा महिने पुरे व्हायच्या आत परत जाते. मी त्यांना काकू म्हणते, इथेही तसंच लिहिते. बाकी सगळे दिवसभर ऑफिसात नाहीतर शाळेत, त्यामुळे त्या चौथऱ्यावर सगळ्यात जास्त बसणारं माणूस म्हणजे काकूच.

चौथऱ्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर एक जुना ॲश वृक्ष होता. दुपारनंतरची सगळी सावली त्याचीच. २०२१ मध्ये तो कापावा लागला. कारण इथल्या प्रत्येक गल्लीला माहीत असलेलं: एमराल्ड ॲश बोरर नावाचा, आशियातून आलेला चकचकीत हिरवा भुंगेरा. २००२ मध्ये तो डेट्रॉइटजवळ सापडला आणि २०१४ मध्ये न्यू जर्सीत पोचला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे काढत जातात, झाडाचं अन्नपाणी वाहून नेणारा थर तुटतो आणि तीन-चार वर्षांत आख्खं झाड वाळतं. कापणाऱ्यांनी बुंधा यंत्राने दळून भुसा खड्ड्यातच ठेवला, वर चार इंच माती पसरली आणि हिरवळीचं बी टाकून ते निघून गेले.

पुढचे दोन उन्हाळे चौथरा ओसाड. मे २०२३ मध्ये काकू आल्या आणि पंधरा दिवसांत त्यांनी जाहीर केलं की दुपारी चारला त्या खुर्चीवर पापड वाळतील, माणसाने बसू नये. त्यावर मुलाने मला फोन केला. त्याचं वाक्य मी वहीत तसंच्या तसं लिहून घेतलं होतं: "जुन्या झाडाच्या जागी एक लाल जापनीज मेपल लावायचाय, मोठाच आणू, म्हणजे लगेच सावली होईल. आणि त्याला गावाकडच्यासारखा पार बांधून द्या."

एका वाक्यात पाच निर्णय होऊन गेले होते: झाड, रंग, जागा, आकार आणि पार. पाचातला फक्त पहिला टिकला.

अडचण

जपानी मेपल मूळचा जपान-कोरियाच्या डोंगरउतारांवरच्या जंगलातला, मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारा. पान पातळ, पाच ते सात बोटांचं. मेपलला जपानीत काएदे म्हणतात. ते नाव 'बेडकाचा हात' अशा अर्थाच्या शब्दावरून आलं, असं सांगतात. पान हातात धरून बघितलं की पटतं. सकाळचं कोवळं ऊन त्याला आवडतं. भर दुपारचं ऊन, कोरडा वारा आणि खालून तापलेली फरशी असं तिन्ही एकत्र आलं की पानांच्या कडा करपतात. जुलैत इथे पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर सहज जातो.

म्हणजे गंमत अशी, की या कुटुंबाला दुपारी चार ते सहा सावली हवी होती आणि नेमक्या त्याच वेळात त्या झाडालाही सावली हवी असते. ज्याला छत्री धरायला बोलवायचं त्याच्याच डोक्यावर छत्री धरायची वेळ. जुन्या ॲशची जागा याबाबतीत सगळ्यात वाईट होती: पश्चिमेचं उघडं ऊन, शेजारी तापणारे ब्लॉक, आणि खाली कुजता भुसा. भुसा कुजताना आजूबाजूचं नत्र ओढून घेतो, जमीन वर्षा-दोन वर्षांत खचते आणि त्यावर लावलेलं झाडही खाली बसतं.

'मोठाच आणू म्हणजे लगेच सावली' हेही गणितात बसत नव्हतं. आमच्या अक्षांशावर जूनच्या शेवटी संध्याकाळी पाचला सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला असतो, क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर. सावली झाडाच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट पडते. सात फुटी मेपलची सावली नऊ फूट लांब, पण रुंदीला एखाद्या उघडलेल्या छत्रीएवढी, आणि दर मिनिटाला सरकणारी. हे झाड वर्षाला साधारण फूटभर वाढतं. छत्रीचा मांडव व्हायला दहा वर्षं.

मी मुलाला सांगितलं, की आधी आठवडाभर ऊन मोजू या. त्याला ॲप हवं होतं. काकूंना नको होतं. त्यांनी देवघरातला रांगोळीचा डबा आणला आणि दर तासाला सावलीच्या कडेवर ब्लॉकवर एक रेघ ओढली, शेजारी वाजलेले तास. 'कालनिर्णय'च्या पानामागे त्याच रेघांची नोंद, बारीक अक्षरात: "३॥ वाजता ग्रिलपाशी सावली. ४ ला ग्रिलवर पूर्ण. माझ्या खुर्चीवर ६ पर्यंत ऊन."

ती नोंद वाचून आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. पश्चिमेच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा साठ-एक फुटी ओक आहे. त्याची सावली साडेतीनपासून चौथऱ्याच्या उत्तर टोकावर येते. त्या टोकावर दोन वर्षं उभं होतं गॅसचं ग्रिल, ताडपत्री घालून. ग्रिल सावलीत आणि माणसं उन्हात! ॲश होता तेव्हा सावली सगळीकडेच होती, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. ग्रिल सिलिंडरवरचं होतं, नळीने जोडलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी नातवाने ते ढकलत दक्षिण टोकाला नेलं, खुर्च्या उत्तरेला आल्या आणि चहा वेळेवर झाला.

खरं तर तिथे माझं काम संपत होतं. पण मुलाला झाड हवंच होतं, आणि मला वाटतं काकूंना त्याहून जास्त. सावलीचा प्रश्न सुटल्यावर प्रश्न बदलला: खुर्चीत बसलेल्या माणसाच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, सोबतीला कुठलं झाड असावं?

समोर आलेले पर्याय

जागा आता उत्तर टोकाच्या पलीकडची ठरली, चौथऱ्याच्या कडेपासून सात फुटांवर. सकाळी घराची सावली, अकरा ते साडेतीन ऊन, नंतर ओकची सावली. आदर्श नाही, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असती तर जास्त बरं. पण अख्ख्या अंगणात याहून बरी जागा नव्हती आणि जुन्या बुंध्यापासून ती चांगली वीस फूट लांब होती.

लाल पानांचा 'ब्लडगुड' ही मुलाची पहिली पसंती. या भागात सगळ्यात जास्त दिसतो, चिवट आहे, पंधरा-वीस फूट होतो. माझे आक्षेप दोन. लाल जातींचा रंग उन्हावर टिकतो. सावली वाढली की पानं हिरवट, मळकट तपकिरी होतात. आणि हे कुटुंब एकत्र बसतं ते संध्याकाळी सातनंतर. घराच्या भिंती कोळशासारख्या करड्या. तिन्हीसांजेला गडद लाल पान त्या भिंतीसमोर सरळ काळं दिसतं. नर्सरीत दुपारी बारा वाजता पेटल्यासारखं दिसणारं झाड संध्याकाळी घरी दिसेनासं होतं, हे मी तीन-चार बागांमध्ये पाहिलं आहे.

झुकणाऱ्या, कापीव पानांच्या जातींमधला 'तामुकेयामा' सुनेने सुचवला. फोटोत अप्रतिम दिसतो, उष्णताही बऱ्यापैकी सोसतो. पण तो घुमटासारखा पसरतो, फांद्या जमिनीला टेकतात. वरून किंवा लांबून बघायचं झाड आहे ते, तळ्याकाठी, दगडावर. खुर्चीतून बघणाऱ्याला समोर पानांची टोपली पालथी घातल्यासारखी दिसते. खोड, फांद्यांची वळणं, मधून दिसणारं आभाळ, काहीच नाही. खाली पाय पसरायला जागाही उरत नाही.

माझी शिफारस होती 'सेइर्यू'. नावाचा अर्थ हिरवा-निळा ड्रॅगन. कापीव पानांच्या जाती सहसा झुकतात, हा मात्र सरळ उभा राहतो. हिरवा, दहा ते पंधरा फुटांचा, आमच्या उन्हाळ्यात बरा तग धरणारा. पान इतकं बारीक की वारा नसतानाही ते हलतंय असं वाटतं.

सप्टेंबरमध्ये आम्ही सगळे नर्सरीत गेलो, 'सेइर्यू' बघायला. नात पुढे पळत एकेक पाटी वाचत होती. एका कुंडीपाशी थांबून ती ओरडली, "आजी, इकडे ये! हे बघ, सांगो काकू!"

काकू म्हणाल्या, "सांगते की. पण काय सांगू?"

'सांगो-काकू' ही खरी, जुनी जात आहे. जपानीत सांगो म्हणजे पोवळं आणि काकू म्हणजे मनोरा. पानं फिकट हिरवी, वसंतात कडांना तांबूस झाक, शरदात सोनेरी पिवळी. तिचं वैशिष्ट्य मात्र पानं गळल्यावर कळतं: कोवळ्या फांद्यांची साल पोवळ्यासारखी लाल होते आणि थंडी वाढेल तसा रंग चढतो. जून झालेल्या फांद्या मात्र हळूहळू करड्या पडतात. उंची वीस-पंचवीस फुटांपर्यंत.

आता इथे दोन प्रामाणिक अडचणी होत्या आणि त्या मी तिथेच बोलले. एक, ही जात सेइर्यूपेक्षा नाजूक; बारीक फांद्या शेंड्याकडून वाळत येण्याची तिची खोड सगळ्यांना माहीत आहे, ओल्या थंड वसंतात जिवाणूंमुळे आणि कोरड्या हिवाळ्यानंतर पाण्याअभावी. दुसरी, जिच्यासाठी झाड लावायचं ती व्यक्ती लाल साल कधीच बघणार नाही. काकू ऑक्टोबरअखेर साताऱ्यात असतात आणि साल रंगते डिसेंबरात. इतकंच काय, इथल्या मेपलचा तो प्रसिद्ध पानांचा रंगही ऐन भरात येतो नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे तोही चुकणार. झाड निवडायचं ते मे ते सप्टेंबरच्या पानासाठी, असं माझं म्हणणं.

सून इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "पण स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला आहे. आई गेल्यावर पाच महिने मी त्या खिडकीतून राखाडी कुंपण बघते."

हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. बसण्याच्या जागेचं झाड म्हणजे खुर्चीतून दिसणारं झाड, असं मी धरून चालले होते. घरातून दिसणारं झाड हा विचारच केला नव्हता. शिवाय नावाची ओढ आता कुणालाच आवरत नव्हती. 'सांगो-काकू' ठरला.

आकाराचा निर्णय त्यामानाने पटकन झाला. मुळं गोणपाटात बांधलेलं अकरा फुटी झाड लावून मिळत होतं १,४०० डॉलरला. कुंडीतलं साडेपाच फुटी २४० ला. शेतातून खणून काढलेल्या मोठ्या झाडाची बरीचशी मुळं तिथेच राहतात आणि ते दोन-तीन वर्षं नुसतं सावरत बसतं. लहान झाड तेवढ्यात जम बसवतं. पैसे वाचत असतील तर मुलाची हरकत नव्हती.

पाराचं काय केलं

यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं, म्हणून वेगळं लिहिते. मुलाच्या डोक्यात गावच्या वडाचा पार होता, ज्यावर त्याचे आजोबा बसायचे. दगडी, गोल, खोडाला भिडलेला, आत मातीची भर. वडाला आणि पिंपळाला ते चालतं. त्यांची मुळं दगड फोडून वाट काढतात, पाराला तडे जातात ते त्यामुळेच. जपानी मेपलची मुळं बारीक, जाळीदार, बहुतेक सगळी वरच्या फूट-दीड फुटात. खोड जिथे रुंदावून मुळात उतरतं तो भाग त्याला उघडा, हवेत लागतो. त्यावर मातीची भर घातली की साल ओली राहते, कुजते, नवी मुळं वरच्या भरावात फुटून खोडालाच फास घालतात. झाड लगेच मरत नाही. सात-आठ वर्षांनी मरतं, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही.

इकडे लाकडी चुऱ्याचा ढीग बुंध्याभोवती वारुळासारखा रचायची जी पद्धत आहे, तीही याच चुकीची बहीण. प्रत्येक दुकानाबाहेर, प्रत्येक बँकेसमोर अशी वारुळं दिसतात आणि लोकांना वाटतं की तीच रीत.

मी कागदावर दोन्ही झाडांची मुळं काढून दाखवली. मुलाला पटलं, पण तो जरा हिरमुसला. तोड काकूंनी काढली: "बसायला गोल हवं ना, मग बाक गोल कर. झाडाला कशाला कोंडतोस?" खोडापासून चार फुटांवर अर्धगोल लाकडी बाक, चार पायांवर, जमिनीत न रोवलेला, हवा तेव्हा उचलता येणारा. घरात सगळे त्याला पारच म्हणतात.

काय केलं

मला सप्टेंबरअखेर लागवड हवी होती. काकूंनी 'कालनिर्णय' पुढे केलं: पितृपक्ष. सर्वपित्री अमावास्या १४ ऑक्टोबरला, त्याआधी नवीन काही नाही. मी मनातल्या मनात चडफडले. पण त्याच सप्टेंबरअखेर इथे धुवाधार पाऊस झाला आणि आमच्या भागातल्या लालसर चिकणमातीचा लगदा झाला. ओल्या चिकणमातीत फावडं घातलं की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळांना बाहेर पडता येत नाही. दोन आठवड्यांचा उशीर पथ्यावर पडला. रविवारी, १५ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी झाड लागलं.

खणण्याआधी ८११ ला कळवलं होतं. इथे ते सक्तीचं आहे. कामाचे तीन दिवस आधी फोन करायचा, मग माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्या फुकट रंगाने आखून देतात, गॅस पिवळा, वीज लाल, पाणी निळं. पण त्या आखणीत घरमालकाच्या स्वतःच्या वाहिन्या येत नाहीत. दहाव्या मिनिटाला माझ्या फावड्याखाली स्प्रिंकलरची नळी कचकन तुटली. चूक माझी. नळीचा नकाशा मुलाकडे मागायला हवा होता आणि तो त्याच्या ईमेलमध्ये होता. तासाभरात जोड बसवला.

कुंडी काढल्यावर मुळांच्या गठ्ठ्याभोवती करंगळीएवढं एक मूळ आख्खा फेरा मारून आलेलं दिसलं. ते कापलं, बाकीची बोटांनी मोकळी केली. कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहील हे पाहिलं. नावाच्या जाती साध्या जपानी मेपलच्या खुंटावर कलम केलेल्या असतात. सांध्याखालून फूट आली तर ती खुंटाची, हिरवी, जोरकस, आणि ती दिसताक्षणी काढावी लागते. खड्डा गठ्ठ्याच्या दुप्पट रुंद पण खोलीला कमीच, म्हणजे बुंध्याचा रुंद भाग जमिनीपेक्षा दोन इंच वर. भरायला तीच माती, तळाला खडी वगैरे काही नाही. निचऱ्याची चाचणी आधीच झाली होती: फूटभर खड्ड्यात दुसऱ्यांदा भरलेलं पाणी पाच तासांत उतरलं, आमच्या चिकणमातीला ते बरंच म्हणायचं. वर तीन इंच आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. शिवाय चार फूट उंच जाळीचं नळकांडं, कारण शरदात नर हरणं शिंगं घासायला नेमकी अशीच मनगटाएवढी खोडं शोधतात.

काकूंनी हळद-कुंकू वाहिलं, पहिलं पाणी घातलं आणि दहा दिवसांनी विमानात बसल्या.

काय झालं

पहिला हिवाळा सुरळीत. जानेवारी २०२४ मध्ये बर्फ पडलं तेव्हा सुनेने स्वयंपाकघरातून व्हिडिओ कॉल लावून काकूंना लाल फांद्या दाखवल्या. 'पोवळ्यासारखी' हे त्यांनी मला नंतर स्वतःहून सांगितलं, नाव आधी ऐकलेलं असलं तरी.

२०२४ च्या मेमध्ये काकू आल्या आणि रोज सकाळी पूजा झाली की बादलीभर पाणी घालू लागल्या. जूनमध्ये आतली पानं पिवळी पडली. सुनेने मला हळूच कळवलं. सासूबाईंना सांगायची जबाबदारी माझ्यावर. मी म्हटलं, "काकू, ही तुळस नाही. हिला रोज नको."

"मग हिला तहान लागलेली मला कशी कळणार?"

प्रश्न योग्य होता. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घालायचं. ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर दहा गॅलन, पण सावकाश. त्यासाठी पाच-पाच गॅलनच्या दोन बादल्यांना तळाशी खिळ्याने एकेक भोक पाडून दिलं. बादली भरून आळ्यात ठेवायची, ती तासभर थेंब थेंब गळत राहते. काकूंनी बघताक्षणी नाव ठेवलं: गळती. महादेवाच्या पिंडीवर टांगतात ती. त्यानंतर त्या झाडाला पाणी कधी जास्त झालं नाही, कमीही नाही. उन्हाळाभर काही पानांच्या कडा तपकिरी झाल्या, तेवढं मी धरूनच चालले होते.

सप्टेंबरअखेर काकू घटांसाठी साताऱ्याला गेल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात स्प्रिंकलरवाले येऊन नळ्यांमधलं पाणी हवेने काढून गेले, बाहेरचा नळ बंद झाला, दोन्ही गळत्या गराजमध्ये गेल्या. दर वर्षीचा क्रम. फक्त त्या वर्षी पाऊस आलाच नाही. ऑक्टोबर २०२४ हा न्यू जर्सीच्या नोंदींमधला सगळ्यात कोरडा महिना ठरला. नोव्हेंबरमध्ये राज्याला दुष्काळाचा इशारा द्यावा लागला, जंगलं पेटली. झाडाला लागून जेमतेम वर्ष झालेलं. सोनेरी व्हायच्या आतच पानं कुरकुरीत होऊन गळली. घरात सगळ्यांना वाटलं, शरदच आहे, गळायचीच.

मला कुणी फोन केला नाही, आणि मीही केला नाही. त्या महिन्यात मी माझ्या मोठ्या कामांवरच्या झाडांना पाणी देत फिरत होते.

एप्रिल २०२५ मध्ये पश्चिमेकडचे पाच शेंडे फुटलेच नाहीत. नखाने साल खरवडली तर खाली हिरवं नाही, तपकिरी. घाई न करता बाकीची पानं पुरती येऊ दिली, म्हणजे मेलेलं कुठवर आहे ते नेमकं दिसतं. मग कोरड्या दिवशी, प्रत्येक कापानंतर कात्री अल्कोहोलने पुसत, जिवंत डोळ्याच्या वर कापलं. एका बाजूने सव्वा फूट उंची गेली. झाड वाचलं. मेमध्ये आल्यावर काकू बराच वेळ त्या बाजूला उभ्या होत्या. मग मुलाला एवढंच म्हणाल्या, "गळती गराजमध्ये का आहे?"

सप्टेंबर २०२५ मध्ये मी पाहिलं तेव्हा कापलेल्या जागेखालून तीन नवे धुमारे आले होते, दीड-दीड फुटांचे. मेपल थोडा पूर्वेकडे कलल्यासारखा दिसतो, खुर्च्यांपासून लांब. दोन-तीन वर्षांत सावरेल.

वेगळं काय करता आलं असतं

पाण्याची जबाबदारी मी एका माणसावर टाकली, आणि ते माणूस सहा महिने दुसऱ्या खंडात असतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लावल्यापासून निदान दोन शरद ऋतू, जमीन गोठेपर्यंत, पाऊस नसेल तर पाणी द्यायचं, हे मी तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगितलेलं ऑक्टोबरात कुणाला आठवत नाही. आता मी प्रत्येक घराला महिनावार तक्ता लिहून देते आणि स्प्रिंकलर बंद करायच्या तारखेपुढे 'झाडाचं पाणी सुरूच' असं लाल शाईने लिहिते.

जात निवडण्यात चूक झाली का? 'सेइर्यू' असता तर त्या ऑक्टोबरातून बहुधा कमी नुकसान होऊन बाहेर पडला असता. आजही माझी शिफारस तीच राहील, विशेषतः ज्यांना झाडामागे फार धावता येत नाही त्यांना. पण सुनेला विचारलं तर ती खिडकीकडे बोट दाखवते, आणि त्या उत्तराला माझ्याकडे उत्तर नाही. सुरुवातीच्या प्रश्नांमध्ये 'इथे कोण बसतं, किती वाजता' हे मी नेहमी विचारायचे. 'हिवाळ्यात हे कुठल्या खिडकीतून दिसतं' हा प्रश्न या घरानंतर वाढवला.

राहिली नैर्ऋत्येची रिकामी जागा. खरी सावली तिथूनच येणार. भुसा उपसून, माती भरून तिथे काळा गम किंवा सर्व्हिसबेरी असं इथलं, ऊन सोसणारं झाड लावा, असं मी २०२३ मध्येच सुचवलं होतं. खर्च नको म्हणून ते मागे पडलं आणि खुर्च्या हलवल्यावर तर निकडच उरली नाही. मी जोर धरायला हवा होता. सावलीचं झाड आधी आणि शोभेचं नंतर, हा क्रम लावला असता तर दोन वर्षांची वाढ पदरात पडली असती. शेजाऱ्यांच्या ओकवर आख्खी बैठक अवलंबून आहे आणि ओक शेजाऱ्यांचा आहे. आता या शरदात सर्व्हिसबेरी लावायचं ठरतं आहे. तिथली जमीन एव्हाना पाच इंच खचली आहे, खड्डा कुठे होता ते शोधावं लागणार नाही.

यंदा काकू निघायच्या आदल्या दिवशी मी बाक उचलून बघायला गेले होते. फ्रिजवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, 'कालनिर्णय'च्या पाठीवरच लिहिलेली: "गळती – सोमवार, शुक्रवार. आधी बोट घालून बघणे. थँक्सगिव्हिंगपर्यंत गराजमध्ये ठेवू नये."